उघडं लोखंड

१

भोरच्या पेठेतून नदीकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी रखमाजीचं सायकलचं दुकान होतं. लढाईचे दिवस होते. नवी सायकल नजरेला पडत नव्हती, टायर-ट्यूब कंट्रोलात गेले होते. त्यामुळे लोकांनी माळ्यावर, गोठ्यात टाकलेल्या जुन्या सायकली एकेक करून बाहेर निघत होत्या आणि रखमाजीच्या दारात येऊन उभ्या राहत होत्या. रखमाजीला त्याचा कंटाळा नव्हता. जुनी सायकल आली की दुरुस्ती राहिली बाजूला, आधी तो तिचं वय काढत बसायचा. हँडलची वळणं बघायचा, दात्यांच्या चाकाची नक्षी बघायचा, सायकल उलटी करून पायडलच्या खोबणीखालचा ठोकलेला नंबर बोटानं चाचपायचा, आणि मग "ही लढाईच्या आधीची. ह्या न्हाई, मागच्या," असं काहीतरी सांगून मोकळा व्हायचा.

आश्विन लागला आणि एका बाजाराच्या दिवशी वेल्ह्याहून सावळाराम आले. उभा जन्म गावोगाव फिरून पोरांना देवी टोचण्यात गेलेला. लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत. बैलगाडीत मागं गोणपाटात गुंडाळलेली सायकल होती आणि सावळाराम पुढं, गाडीवानाला अगदी खेटून बसले होते.

गोणपाट सोडलं तसा रखमाजी हरखला. वर बोटभर मळ होता, पण सांगाडा सरळ होता. ब्रेकला तारा नव्हत्या, सळ्या होत्या. पुढं तेलाचा दिवा अडकवायचा आकडा होता.

"सन दहाच्या आसपासची हाय," तो म्हणाला. "तुमी नवी न्हाई घेतली ही."

"व्हय. धरणाच्या कामावरच्या ओवरसियराकडनं घेतली. ती ईस वर्सं चालवली म्या. नोकरी सुटली तशी गोठ्यात टेकवून ठेवली. आठ वर्सं झाली."

"मग आता का काढली?"

"देवी आल्यात वरच्या गावांत. तरणी मानसं लढाईवर. सरकारनं म्हाताऱ्याला परत बोलावलंय." सावळारामांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "पायी होत न्हाई आता. चालती करून द्या."

"नव्यावानी करतो. काळा रंग राखून ठेवलाय म्या डबीभर."

"रंग न्हाई." सावळारामांचा आवाज एकदम चढला. गाडीवानानंही वळून पाहिलं. मग ते हळू बोलले, "रंगाला हात लावू नका. हाय तसा ऱ्हाऊ द्या. उडालाय तितं उडालेला ऱ्हाऊ द्या. येवढं माजं ऐका."

रखमाजीला उलट बरंच वाटलं. जुना रंग जपणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

२

पुढचे दिवस तो त्याच कामात रमला. मऊ फडकं घासलेटात बुडवायचं, पिळायचं, बोटाच्या टोकानं मळ उचलायचा. सोडा नाही, पॉलिशकागद नाही. मळ निघाला की वरून खोबरेलाचा हात. असं वीत-वीत पुढं सरकताना खालून मूळचा काळा रंग वर येऊ लागला, खोल विहिरीतल्या पाण्यासारखा. त्यावर सोनेरी रेघा होत्या, केसाएवढ्या बारीक. हातानं ओढलेल्या. रखमाजीनं रतनबाईला, आपल्या बायकोला, घरातून मुद्दाम बोलावून त्या दाखवल्या.

"लई नाजूक काम हाय हो," ती म्हणाली.

मग तो सीटखाली आला. सीटपासून मागच्या चाकाकडे दोन बारीक नळ्या उतरतात, त्यातल्या डाव्या नळीवर मळ नव्हताच. तिथं रंगही नव्हता. एकाखाली एक असे चार लांबट ठिपके, आणि त्यांत उघडं लोखंड.

टोचणीची पेटी मागच्या कॅरिअरला बांधत असतील, दोरी काचली असेल, असं त्याला पहिल्यांदा वाटलं. पण दोरी काचली की नळीभोवती गोल घळ पडते. हे ठिपके एकाच अंगाला होते. त्यानं सहज आपला हात तिथं नेला. नळी मुठीत धरली. चार बोटं चार ठिपक्यांवर बसली.

तो जरा हसला. मागं बसणारं माणूस इथंच धरणार. त्यात काय?

पण वय काढायची खोड काही गप्प बसू देईना. त्यानं हँडलवरची झीज पाहिली. तिथं दोन्ही मुठींशी निकेल जाऊन पितळी छटा दिसत होती. पंचवीस-तीस वर्षांत दोन मालकांच्या हातांनी झालेलं काम. आणि या चार ठिपक्यांत नखाला खळगा लागत होता. रंग तर गेलाच होता, लोखंडही झिजलं होतं. देवीडॉक्टरच्या मागं रोज असं कोण बसत होतं? आणि कोणी बसत असलं, तरी धरलेला हात मधे कधी सोडतंच की माणूस. हात एकदाही उचलला नाही, तरच एवढं झिजतं.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात दुपारच्या भाकरीच्या वेळी आली, तेव्हा घास हातातच राहिला. लोखंड चकचकीत होतं. वेल्ह्याच्या पावसात उघडं लोखंड एका रात्रीत तांबेरतं. ही सायकल आठ पावसाळे गोठ्यात उभी होती.

त्यानं ठिपक्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि दुकान लावून घरी गेला. सकाळी पाहिलं तर आजूबाजूचं ग्रीस जागच्या जागी होतं. चार ठिपक्यांवरचं पुसलेलं होतं.

उंदरांनी चाटलं असेल, असं तो स्वतःला म्हणाला. दुकानात उंदीर होतेच. पण पुन्हा ग्रीस लावायचं त्याच्यानं झालं नाही.

३

चाकांतले छर्रे बदलले, चेन बसवली. सावळारामांनी कुठूनशी टायरची जोडी मिळवून दिली होती, ती चढवली. दसऱ्याच्या दिवशी नवा सदरा घालून रखमाजी ती सायकल घेऊन चाल बघायला निघाला. त्या वेळी कापड मिळणं किती मुश्कील होतं! वर्षाचा तो एकच सदरा.

पुढचं चाक वाऱ्यासारखं हलकं होतं. मागचं मात्र ओढत होतं. उतरून त्यानं चाक हवेत फिरवलं, ते बिनबोभाट फिरत राहिलं. ब्रेक घासत नव्हता, हवाही भरपूर होती. पुन्हा बसला. वळून खाली पाहिलं, तर मागचा टायर चपटा होऊन रस्त्याला टेकला होता. दोघं बसल्यावर होतो तसा.

"रबर जुनं असंल," तो मोठ्यानं म्हणाला. रस्त्यावर ऐकायला कोणी नव्हतं.

घराशी रतनबाई सोन्याची पानं घेऊन नणंदेकडे जायला निघाली होती. नणंदेचं घर पेठेच्या पार दुसऱ्या टोकाला. रखमाजी म्हणाला, "बस मागं. सोडतो."

ती लाजली, मग पदर खोचून कॅरिअरवर बसली. दोन घरं मागं पडली असतील नसतील.

"आवो, थांबा. उतरू द्या मला."

"काय झालं?"

"काय न्हाई. म्या चालते."

ती खरंच चालत निघाली, आणि सायकलीच्या उजव्या अंगानं. रखमाजीनं दोनदा विचारलं, ती पावलं उचलत राहिली. संध्याकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या मात्र म्हणाली, "तितं बसायला जागाच न्हाई."

"येवढं रुंद कॅरिअर हाय की!"

"हाय. पर जागा न्हाई." तिनं लाकूड आत सारलं. "ज्याची त्येला देऊन टाका ती."

४

तो देऊन टाकणारच होता. पण ते ठिपके त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. दुकानात दुसरं काम करताना पाठ त्या बाजूला केली तरी ते चार ठिपके आपल्याकडे बघताहेत असं वाटायचं. हातातला पाना निसटायचा. गिऱ्हाईक काय बोलतंय ते दोनदा विचारावं लागायचं. सायकल त्यानं कोपऱ्यात नेली, मग पुन्हा दारात आणली, मग भिंतीकडे तोंड करून उभी केली.

शेवटी एका सकाळी त्यानं राखून ठेवलेली रंगाची डबी फोडली. एवढाएवढासा तर भाग. म्हाताऱ्याला कुठलं कळणार? पिसाच्या टोकानं त्यानं ठिपके भरले, वरून जुन्या रंगासारखी छटा यावी म्हणून किंचित काजळी चोळली. हात कसबी होता. काम असं जमलं की ठिपके कुठं होते ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रंग तसाच होता. तिसऱ्या दिवशीही. खरवड नाही, पुसल्याची खूण नाही. रखमाजीला हलकं वाटलं. आपण काय खुळ्यासारखं घेऊन बसलो होतो! सावळारामांना निरोप धाडला, आणि गाडीवान येईपर्यंत दोन-चार फेऱ्या मारून चाकाच्या आसाचे कोन, छर्रे नीट बसवावेत म्हणून तो रोज सकाळी नदीच्या वाटेनं सायकल फिरवू लागला. मागचं चाक अजून जड होतं, पण त्यानं त्याची सवय करून घेतली.

मग एके दिवशी रतनबाई सदरा धुवायला घेऊन बसली, ती तशीच उठून दुकानात आली. सदरा तिच्या हातात ओला होता.

"ह्यो कुठं घासला?"

"कुठं न्हाई."

"बगा की मग."

तिनं सदरा उजेडात धरला. डाव्या कुशीवर, कमरेच्या जरा वर, कापड विरून जाळीदार झालं होतं. चार ठिकाणी. दसऱ्याचा सदरा.

रतनबाईनं आपला हात त्या जाळीवर ठेवून पाहिला आणि चटका बसल्यासारखा काढला. "माजी बोटं पुरत न्हाईत," ती म्हणाली. "लांब बोटं हायत ही."

दुकानापुढून एक गाडी खडखडत गेली.

"वाकून काम करतो म्या. खिळ्याबिळ्याला लागलं असंल," रखमाजी म्हणाला. पण म्हणता म्हणता त्याचा हात आपोआप डाव्या कुशीवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी हट्टानंच त्यानं सायकल काढली. लख्ख ऊन होतं. रस्ता कोरडा ठाक. चढ संपून नदीचा उतार लागला आणि डाव्या बाजूनं आवाज येऊ लागला. टक. जरा थांबून पुन्हा, टक. पायडलची खीळ सैल झाली असेल म्हणून त्यानं खाली पाहिलं.

त्याचं स्वतःचं पाऊल वहाणेसकट वर आलं, खाली गेलं. त्याच्या मागं, चाकाच्या नटाजवळ, आणखी एक पाऊल लोंबत होतं. आडवं, बाहेरच्या अंगाला बोटं करून. घोट्याच्या वरपर्यंत ओल्या चिखलानं भरलेलं. बोटात जोडवं होतं, आणि गचका बसला की ते नटाला लागत होतं.

टक.

पायडलचा एक फेरा पुरा होईपर्यंत त्याला ते दिसलं. मग त्यानं दोन्ही ब्रेक आवळले. सायकल घसरत गेली, तो गुडघ्यावर आपटला. रस्त्यावर धूळ उडाली, खाली बसली. कोणी नव्हतं. चिखलाचा एक ठिपकाही नव्हता. गुडघ्यातून रक्त येत होतं आणि डावी कूस अशी दुखत होती, जणू पडताना कोणी तिथं घट्ट धरून ठेवलं होतं.

५

त्याच दुपारी त्यानं टर्पेंटाइन आणलं. आगकाडीच्या टोकाला चिंधी गुंडाळून चार ठिपक्यांवरचा आपला रंग काढायला बसला. मूळच्या रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून श्वास रोखून. जन्मात त्यानं एवढं जपून काम केलं नव्हतं. रतनबाई दारात उभी राहून बघत होती. "निगालं का?" ती मधूनच विचारायची आणि तो मान हलवायचा.

उजेड होता तोवर काम झालं. चारही ठिपके उघडे झाले, पहिल्यासारखे चकचकीत. कडेचा जुना रंग जिथल्या तिथं होता. "म्हाताऱ्यानं दिली हुती तशी झाली," तो म्हणाला. "सुटलो."

आपण कुणाला उद्देशून बोललो ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

रात्री हवेत ओल होती. सकाळी दुकान उघडल्यावर त्यानं आधी सायकल गाठली, उकिडवा बसला आणि नळीकडे बघत राहिला. मग बसल्या जागी मागं सरकला, तो थेट भिंतीला टेकला.

ठिपके तांबेरले होते.

चारही ठिकाणी बारीक तांबूस पूड धरली होती. उघड्या लोखंडानं करायला हवं तेच लोखंडानं केलं होतं. गंज हे त्याचं रोजचं काम. गंज केव्हा चढतो, हे कुणी त्याला सांगायची गरज नव्हती. हात लागायचा थांबला, की चढतो.

त्यानं सायकल उचलून अंगणात आणली आणि ढकलून पाहिली. मागचं चाक पिसासारखं पळालं.

६

गाडीवानाची वाट न बघता तो वेल्ह्याला निघाला. सायकलवर बसला नाही. हातानं ढकलत कापूरहोळवरून, नसरापूरवरून, एका रात्रीचा मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी दुपारी सावळारामांच्या अंगणात पोचला. दोन्ही अंगांना भात पिवळं पडत आलं होतं. वाटेत भेटलेल्या माणसांनी सायकल असून पायी का, असं विचारलं. तो सायकल ढकलत राहिला.

सावळाराम ओसरीवरून उठून आले. त्यांनी सोनेरी रेघा पाहिल्या नाहीत की चकाकणारं हँडल पाहिलं नाही. सरळ मागच्या बाजूला जाऊन वाकले. अंगठा त्या ठिपक्यांवर फिरवला, उजेडात धरला. अंगठ्याला गंज लागला होता.

"रंग लावला तुमी," ते म्हणाले.

"काढला बी. हुतं तसं केलं."

सावळारामांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी हँडल धरलं. गुडघे धरलेला तो म्हातारा, पण टांग टाकली आणि सायकल अंगणातून रस्त्यावर गेली. वडापर्यंत जाऊन वळली. परत येताना त्यांनी पाय चालवायचे सोडून दिले होते, तरी ती पळत होती.

"रिकामी हाय!" ते ओरडले. त्यांचा आवाज पोरासारखा फाटला होता. "अंबू, अगं बाहीर ये! रिकामी हाय गं!"

त्यांची बायको अंबूबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. नवरा अंगणात गोल गोल सायकल फिरवत होता, हसत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. तीही हसली. मग तिचं लक्ष रखमाजीकडे गेलं. उभा होता तो, डावी कूस हातानं दाबून. तिचं हसू जागच्या जागी थांबलं. ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

सावळाराम उतरले. त्यांना वर बघवेना.

"म्या सांगितलं हुतं रंगाला हात लावू नका."

"का, ते न्हाई सांगितलं."

"सांगितलं असतं तर घेतली असती तुमी?" त्यांनी अंगठ्याचा गंज धोतराला पुसला. "वरल्या पासली गावच्या वाटेवर उभी हुती. भर दुपारी. म्या म्हनलं, बसा. बाईमानूस, उन्हाचं चालणार... म्या म्हनलं, बसा. बाकी काय केलं न्हाई."

"मग?"

"कुठं उतरायचं, ते इचारायचं राहून गेलं."

"नंतर इचारायचं."

"धीर झाला न्हाई," सावळाराम म्हणाले. "काय सांगंल, म्हून."

ते जेवायला थांबा म्हणाले नाहीत. रखमाजीही थांबला नसता.

गावाबाहेर रस्ता फुटत होता. मागं, डोंगराच्या पोटाशी पासलीची वाट. समोर नसरापूरचा रस्ता, त्यापुढं भोर, पेठ, बोळ, आणि घरात एकटी रतनबाई. ऊन कलतं होतं. फाट्यापाशी एक रुंद सपाट दगड होता. रखमाजी तिथं थांबला. अंगात जुनाच सदरा होता आणि डाव्या कुशीवर तोही विरायला लागला होता, हे त्याला न बघता कळत होतं.

दोनदा तोंड उघडून त्यानं मिटलं. मग पुढं बघतच, कुणा थोरल्या नात्यातल्या बाईशी बोलावं तसं म्हणाला, "बाई, तुमाला कुठं उतरायचं?"

वारा नव्हता. भाताचं एक पान हलत नव्हतं. कुशीवरचा सदरा आधी सैल झाला. एवढा सैल, की त्यानं श्वास सोडला. मग कापड पुन्हा चार बोटांत गोळा झालं आणि हळूच ताणलं गेलं. पासलीकडे नाही. पुढं. भोरच्या अंगाला.

रखमाजी घराकडे निघाला नाही. तो त्या दगडावर बसला. ऊन डोंगरावरून उतरलं, गुरं परतली, गुराख्यांनी हटकलं तरी तो उठला नाही. दगड ऐसपैस होता. तो मात्र उजव्या टोकाला, अंग चोरून बसला होता.